तेहतीस रुपयांचा निवारा

मागच्या अंकात मी रात्री स्वारगेटला एसटी स्टँडच्या आसपास बसून राहणाऱ्या बायकांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, अगदी जाता जाता, आणि शेवटी म्हटलं होतं की यांच्या निवाऱ्यासाठी शहराकडे पैसा नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय, गुडघेदुखी आणि सोसायटीचं पार्किंग पुढच्या महिन्यात, राग मानू नका. नवीन वाचकांसाठी सांगते, मी पुण्यातल्या एका बायकांच्या निवाऱ्यात बरीच वर्षं काम केलंय, आधी रात्रपाळीला आणि नंतर हिशेब लिहायला, त्यामुळे जे सांगतेय ते त्या दोन खुर्च्यांवरून दिसलेलं आहे.

प्रश्न (सिंहगड रोड): ताई, गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला घरी येताना एक बाई, तिची सहा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा असे तिघं पिशव्या घेऊन फुटपाथवर बसलेले दिसले. चार जणांना फोन करून, रिक्षा करून मी त्यांना एका निवाऱ्यावर नेलं, तर तिथे म्हणाले आई आणि मुलगी चालेल, मुलगा मोठा आहे, त्याला पुरुषांच्या निवाऱ्यात सोडा, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती बाई काहीही न बोलता परत रिक्षात बसली. असा नियम आहे का खरंच?

उत्तर: आहे पण आणि नाही पण. केंद्राचं जे शहरी उपजीविका अभियान होतं, ज्याला सगळे एनयूएलएम म्हणायचे, त्यात शहरी बेघरांसाठी निवारा असा एक भाग होता आणि त्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पुरुषांचे, बायकांचे आणि कुटुंबांचे असे वेगवेगळे निवारे असावेत हे लिहिलेलं आहे, शिवाय म्हातारी माणसं, आजारी माणसं, मानसिक आजार असलेली माणसं यांच्यासाठी खास. म्हणजे कागदावर तुमच्या त्या बाईची जागा आहे, मुलासकट आहे. पण कुटुंब निवारा चालवणं कुणालाच नको असतं कारण तो महाग पडतो. हॉलमध्ये ओळीने कॉट टाकल्या की पुरुषांचा निवारा झाला. कुटुंबाला आडोसा लागतो, पार्टिशन लागतं, चूल नाहीतर गॅस लागतो, नवरा-बायकोची भांडणं होतात, पोरं रडतात, शाळेचं बघावं लागतं, अंगणवाडीशी जोडून द्यावं लागतं. आणि पैसे मात्र डोक्यावर मोजून, मग डोकं दोन वर्षांचं असो की पन्नास.

आता त्या निवाऱ्यावरच्या बाईंचीही बाजू सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना शिव्या घालाल. हॉलमध्ये झोपणाऱ्या कित्येकजणी मार खाऊन आलेल्या असतात, मिसरूड फुटायला लागलेला मुलगा रात्री पाणी प्यायला उठला तरी दचकून बसतात. मी पण नाही म्हटलंय, एकदा नाही बऱ्याचदा.

एकदाच हो म्हटलं होतं. मराठवाड्यातून आलेली बाई होती, मुलगा चौदाचा. त्याला आम्ही जाळीच्या दाराबाहेर जिन्याखाली सतरंजी दिली, नियमात कुठेच न बसणारी गोष्ट, पण दिली. ती आतून दाराला टेकून झोपायची आणि जाळीतून हात बाहेर काढून त्याच्या शर्टाची कड धरून ठेवायची. सकाळी तिच्या दंडावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे, चहा घेताना ती ते पदराने झाकायची. आठ दिवस चाललं. मग तपासणी आली, साहेबांनी विचारलं हा कोण, आणि त्या संध्याकाळी दोघं गेली. रजिस्टरला शेरा आहे, 'स्वेच्छेने गेले'. अक्षर माझंच आहे.

तर पुढच्या वेळी रिक्षा करण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा, मुलगा केवढा चालतो, आत्ता जागा आहे का, आणि रात्री दार उघडतात का. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तिथून सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळतो, तिथे बाईला पाच दिवसांपर्यंत राहता येतं, मारहाणीतून बाहेर पडलेली असेल तर आधी तिकडेच न्या. जिवाला धोका वाटला तर ११२. आणि मुलांसाठी १०९८ लावणार असाल तर आधी त्या आईला सांगून लावा, कारण रस्त्यावरच्या आईला सगळ्यात मोठी भीती पोरं काढून नेतील हीच असते. दुसरी भीती 'गाडी'ची. आपल्याकडे भीक मागायला बंदी करणारा १९५९ चा कायदा अजून आहे, त्यात पकडलं की भिक्षेकरी गृह, आणि फुटपाथवरच्या बायकांना निवारा कुठला आणि भिक्षेकरी गृह कुठलं यातला फरक कुणी कधी समजावून सांगितलेला नसतो, त्यामुळे चांगल्या कपड्यातला माणूस 'चला, सोय करतो' म्हणाला की त्या उठून तिथून निघून जातात.

प्रश्न (कोथरूड): मी बँकेतून रिटायर झालो, आकड्यांची सवय आहे. आपल्या महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट १२,६१८ कोटींचं. त्यात निवाऱ्यांना पैसे पुरत नाहीत हे मला पटत नाही. नक्की लागतात किती आणि देतं कोण?

उत्तर: काका, तुमच्यासारखंच पत्र हवं होतं मला. वही घ्या.

अभियानाच्या मूळ सूचनांत पन्नास माणसांच्या निवाऱ्याच्या देखभालीला आणि चालवायला वर्षाला ६ लाख रुपये असा दर धरलाय. सहा लाख भागिले पन्नास, माणशी वर्षाला १२ हजार, भागिले ३६५, म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. हा दर अभियान सुरू झालं तेव्हाचा, २०१३ च्या सुमाराचा. बिल्डिंगचा खर्च यात नाही, फक्त चालवण्याचा.

आता महिन्याचे झाले ५० हजार. निवारा चोवीस तास उघडा ठेवायचा म्हणजे आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, बायकांच्या निवाऱ्यात तिन्ही पाळ्यांना बाईच हवी, प्रत्येकीला समजा बारा हजार दिले, बारा हजारात पुण्यात कोण रात्रपाळी करतं हे तुम्हीच सांगा, तरी ३६ हजार गेले. उरले १४ हजार. त्यात लाइट बिल, पाणी, फिनेल, झाडू, चादरी धुणं, बल्ब, नळ गळतोय, गॅस, सॅनिटरी पॅड, पॅरासिटामॉल आणि कधीतरी एखादीला ससून हॉस्पिटलला न्यायला रिक्षा. पन्नासजणींत वाटले तर रोजचे नऊ रुपये. अमृततुल्यचा एक कप येत नाही हो. त्यामुळे जेवण कुठून आणायचं, तर गुरुद्वारा, मंदिराचं अन्नछत्र, लग्नातलं उरलेलं, कुणाच्या तरी वडिलांचं वर्षश्राद्ध. आमच्याकडे पितृपक्षात खीर-वडे रोज असायचे आणि नवरात्र संपलं की परत डाळ-भात, बायका हसायच्या, म्हणायच्या ताई मेलेल्यांचंच बरं चाललंय.

देतं कोण, तर सुरुवातीला केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ होते, पुढे ते ६०-४० झालं, महापालिकेने जागा द्यायची, संस्था नेमायची, आणि पाच वर्षांनी चालवायचा खर्च स्वतः उचलायचा असा तो सगळा हिशेब होता. पुण्यात हे काम समाज विकास विभागाकडे, जुनी माणसं अजून नागरवस्ती म्हणतात. आता अभियानाची मुदतच २०२४ मध्ये संपली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात बेघरांच्या खटल्यात केंद्राने सांगितलं की शहरी गरिबांसाठी नवीन अभियान आखणं चालू आहे, त्यात निवाऱ्याचाही विचार आहे. अभियान जुनं असो की नवं, बाईला आज रात्री झोपायचंय, आणि दोन योजनांच्या मधल्या काळात खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा हा प्रश्न कुणाच्या तरी टेबलावर असतो.

आता तुमच्या १२,६१८ कोटींकडे येऊ. नियम असा की एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर माणसांचा एक कायमस्वरूपी निवारा. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार, म्हणजे ३१ निवारे, नंतर घेतलेली ११ आणि २३ गावं सोडून. शंभर माणसांना १२ लाख, गुणिले ३१, झाले ३ कोटी ७२ लाख. बजेटातल्या दर शंभर रुपयांमागे तीन पैसे. बरं, तेहतीस रुपये लाजिरवाणे आहेत म्हणून माणशी रोजचे शंभर धरले तरी वर्षाला साधारण सव्वाअकरा कोटी, म्हणजे नऊ पैसे. यावर उत्पन्न कमी, जीएसटीचा वाटा, समाविष्ट गावांचा बोजा अशी उत्तरं येतील आणि ती खोटी नसतात, पण नऊ पैशाच्या पुढे ती उत्तरं शोभत नाहीत एवढंच माझं म्हणणं.

मग अडतं कुठे? एक तर वर्गीकरण. बजेटात हेड दिसतं, रक्कम दिसते, वर्षाच्या मध्यात ती खर्च होत नाहीये म्हणून दुसऱ्या कामाला वळते, रस्ता नाहीतर ड्रेनेज, आणि ते सगळं कायदेशीर असतं. दुसरं म्हणजे हप्ता. मी हिशेब लिहीत होते तेव्हा एका वर्षी वरून यायचा हप्ता सात महिने आला नाही, कुठल्या टेबलावर होता ते लिहीत नाही. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचा पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, द्या म्हणाले, दिलं, मग म्हणाले फॉरमॅट बदललाय. तोवर संस्थेने स्वतःचे घातले, किराणावाल्याने चार महिने उधारीवर दिलं, पाचव्या महिन्यात त्याने तेल बंद केलं. रात्रीची आमची बाई, नाव नाही सांगत, तीन महिने पगाराशिवाय आली आणि मग एका घरी बाळंतिणीची कामं धरली, तिचं काय चुकलं. तिच्या जागी पंधरा दिवस वॉचमनमामा बसले, भला माणूस, पण पुरुष. बायका कमी झाल्या. बावीस होत्या, नऊ राहिल्या. मार्चमध्ये पाहणीला आलेल्यांनी नऊ मोजल्या आणि लिहिलं की मागणी अपेक्षेपेक्षा कमी आहे. पुढच्या वर्षीची रक्कम त्या आकड्यावर ठरली.

प्रश्न (हडपसर): तुम्हाला पटणार नाही, पण निवाऱ्यात कॉट रिकाम्या असतात हे मी स्वतः पाहिलंय. मग आमच्या टॅक्सच्या पैशातून आणखी निवारे कशाला? या लोकांना रस्त्यावरच राहायचं असतं.

उत्तर: कॉट रिकामी असते हे पटतं मला, वर काकांना तेच सांगितलं. रस्त्यावर राहायचं असतं हे नाही पटत.

तुम्ही पाहिलेला निवारा कुठे होता ते लिहिलं नाहीत. निवारा रिकाम्या शाळेत किंवा पडीक मंगल कार्यालयात जिथे जागा मिळते तिथे उघडतो, आणि बाई जिथे काम मिळतं तिथे झोपते. मंडईत पहाटे चारला भाजी निवडायला जाणारी, मार्केट यार्डात सांडलेला कांदा-लसूण गोळा करणारी, ती रात्री पाच किलोमीटरवर झोपायला कशी जाईल, पहाटे परत येणार कशी, पीएमपीची बस त्या वेळी नसते. काही निवारे सकाळी बाहेर काढतात, मग बोचकं कुठे ठेवायचं? आधार कार्ड मागतात, ते पावसात भिजलेलं नाहीतर नवऱ्याकडे. हे मागणं सूचनांत बसत नाही तरी मागतात.

आणि बायका मुळात मोजल्याच जात नाहीत. जनगणनेत बेघरांची मोजणी एका रात्रीत करतात, २०११ ला ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली, देशात १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर. आता त्या रात्री प्रगणकाला पुरुष दिसतो, तो दुकानाच्या पायरीवर आडवा असतो. बाई आडवी होतच नाही. ती ससूनच्या आवारात पेशंटची नातेवाईक म्हणून बसते, स्टेशनवर गाडीची वाट बघणारी म्हणून, एसटी स्टँडवर पहिल्या गाडीची. हातात पिशवी, पायात चप्पल, केस विंचरलेले. मी रात्रपाळीला जाताना अशा बायका ओळखायला शिकले ते त्यांच्या पिशवीवरून, प्रवासाला निघालेल्या बाईच्या पिशवीत तवा नसतो.

टॅक्सचं म्हणाल तर नऊ पैसे. तुमच्या दर शंभर रुपयांतले.

प्रश्न (वाघोली): डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या इथे केसनंद फाट्यापाशी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला, तीन जण गेले, त्यात दोन लहान मुलं. अमरावतीकडून कामाला आलेली कुटुंबं होती. चार दिवस सगळे हळहळले. अशा लोकांसाठी निवारा ही जबाबदारी नक्की कुणाची, पालिकेची, बिल्डरची की सरकारची?

उत्तर: तिघांची, आणि म्हणूनच कुणाचीच होत नाही. बांधकाम मजुरांचा १९९६ चा केंद्राचा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या, त्या जुन्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे काम चालू असेपर्यंत मजुरांना राहायला तात्पुरती जागा मालकाने फुकट द्यायची, त्यात स्वयंपाकाची, अंघोळीची, संडासची वेगळी सोय. पन्नासच्या वर बायका कामावर असतील तर पाळणाघर, असं त्यात होतं. शिवाय बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात तो कल्याणकारी मंडळाकडे जातो, त्या मंडळाकडून मजुरांना भांड्यांचे सेट, सेफ्टी किट मिळतात ते तुम्ही बघितलं असेल.

पण मेख अशी की हे सगळं काम लागल्यावर. जे कुटुंब काल रात्री गाडीतून उतरलं आणि उद्या सकाळी नाक्यावर उभं राहणार आहे त्याला अजून मालकच नाहीये. नोंदणीला आधीच्या वर्षातल्या ९० दिवस कामाचा दाखला लागतो. त्या आठ-दहा रात्रींसाठी, गाव सोडल्यापासून मुकादम भेटेपर्यंत, शहराकडे जागा हवी आणि ती कुटुंब म्हणून हवी, कारण ती माणसं जोडीने येतात, जोडीने काम धरतात, नवरा येरवड्याला आणि बायको-पोरं कात्रजला असं सांगितलं तर ती फुटपाथच घेणार. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली. मजूर अड्डा जिथे भरतो त्याच्या चालत अंतरावर पत्र्याची का होईना, संडास-पाणी असलेली, चारी बाजूंनी बंद अशी जागा, एवढीच मागणी तुमच्या भागातून झाली तरी मी म्हणेन वाघोलीने विषय समजून घेतला.

प्रश्न (सदाशिव पेठ): ताई आम्ही अभ्यासिकेतली पंधरा मुलंमुली, एमपीएससी करतोय. दर डिसेंबरला पैसे काढून ब्लँकेट वाटतो. या वर्षी कुठे वाटू? फोटोसकट रिपोर्ट पाठवू.

उत्तर: फोटो नको. ब्लँकेटही नको, खरं सांगू का. डिसेंबरात पुणे स्टेशनच्या आसपास एका रात्रीत तीन-तीन ग्रुप ब्लँकेट घेऊन फिरतात, एकेका माणसाला चार मिळतात, तो तीन जुन्या बाजारात रविवारी विकतो आणि बरोबर करतो, चार ब्लँकेट घेऊन तो फिरेल कुठे. निवाऱ्यात गेलात तर तिथल्या ताईंना विचारा काय संपलंय. मी सांगते काय संपलेलं असतं: आतले कपडे, सगळ्या मापाचे, नवीन, कुणी देत नाही कारण फोटोत धरता येत नाहीत. उवांचं औषध. लॉकरची कुलपं, कारण लॉकर असतो पण कुलूप नसतं, मग बाई मोबाईल आणि पैसे ब्लाउजमध्ये घेऊन झोपते आणि कूस बदलत नाही. चष्मे. रबरी चपला. शाळेच्या वह्या जूनमध्ये सगळे देतात, ऑक्टोबरमध्ये संपतात.

आणि तुम्ही एमपीएससीवाले आहात ना, मग तुमच्याकडे त्याहून भारी गोष्ट आहे, फॉर्म भरता येतात. एक संध्याकाळ निवाऱ्यात बसून रेशन कार्डाचे, आधारचे, मतदार नोंदणीचे फॉर्म भरून द्या. बेघर माणसाचं मतदार यादीत नाव लागतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, फॉर्म ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची आणि बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री एकापेक्षा जास्त वेळा येऊन बघतो खरंच तिथे झोपतात का. शाळेचं पण, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जन्मदाखला किंवा टीसी नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे निवाऱ्यातल्या आईने सांगितलं तर ऑफिसात ऐकत नाहीत, तुम्ही बरोबर गेलात तर ऐकतात, वाईट आहे पण असं आहे.

तुमच्यापैकी कुणाचा भाऊ-बहीण हिंजवडीला किंवा चाकणला कंपनीत असेल तर सीएसआरवाल्यांना, म्हणजे कंपनीचा सामाजिक कामाचा निधी बघणाऱ्यांना, सांगा, कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत महिलांची वसतिगृहं, निवारे हे स्पष्ट बसतं. फक्त त्यांना रंगरंगोटी आणि नावाची पाटी नका करू म्हणावं. रात्रपाळीच्या बाईचा वर्षाचा पगार द्या म्हणावं.

प्रश्न (गावाचं नाव नको): मी रस्त्यावर नाही. दोन महिने मैत्रिणीकडे आहे, मुलगी बरोबर आहे, मैत्रिणीच्या घरच्यांना आता जड होतंय हे कळतं. परत जायचं नाहीये. मी बेघर आहे का? निवाऱ्यात माझ्यासारखी चालते का? कागद सगळे तिकडेच राहिलेत.

उत्तर: चालते. तुझ्यासारख्याच जास्त असतात, अहो-जाहो करत नाहीये कारण तुझं अक्षर माझ्या भाचीसारखं आहे. कागद नसले तरी दार बंद होत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात तू किंवा तुझ्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागितलं तर निवारागृहाने जागा द्यायची असं कलम आहे. संरक्षण अधिकारी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात भेटतात. त्याच कायद्यात नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्कही आहे, घर कुणाच्याही नावावर असो, आज नको वाटत असेल तरी तो सोडून दिल्यासारखं कुठे लिहून देऊ नको. जास्त दिवसांसाठी शक्ती सदन नावाच्या संस्था आहेत, आधीचं स्वाधार. नोकरी लागली तर सखी निवास. सगळ्याची सुरुवात १८१ पासून होते. मुलीचा शाळेचा बोनाफाइड शाळेतून परत मिळतो, त्याला नवऱ्याची सही लागत नाही. मैत्रिणीला सांगून ठेव की अजून पंधरा दिवस, आणि मला परत लिही, छापायला नाही, असंच.

प्रश्न (येरवडा): आमच्या प्रभागात बायकांचा किंवा कुटुंबांचा निवारा हवा अशी आमच्या मंडळाची इच्छा आहे. नगरसेवक म्हणतात 'स यादीत बघू'. नागरिकांच्या सूचनांचा फॉर्म पण असतो म्हणे. नक्की कुठून सुरुवात करू?

उत्तर: स यादी म्हणजे नगरसेवकाने सुचवलेल्या प्रभागातल्या छोट्या कामांची यादी, तिच्यात बाकं येतात, फुटपाथचे ब्लॉक येतात, कमान येते. निवारा आला तरी खोली येईल, त्यातली बाई येणार नाही. नागरिकांचा फॉर्म चांगली गोष्ट आहे, पुण्यात २००६-०७ पासून चालू आहे, वॉर्ड ऑफिसला मिळतो, पण तो छोट्या कामांसाठी, फुटपाथ, दिवे, स्वच्छतागृह. त्यात तुम्ही असलेल्या निवाऱ्याला बाथरूमची दुरुस्ती, सोलर गीझर, पार्टिशन असं मागा, ते मंजूर व्हायची शक्यता आहे. चालवण्याचा खर्च मात्र मूळ बजेटात यायला लागतो, आणि आयुक्तांचं बजेट स्थायी समितीपुढे जायच्या आधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच, समाज विकास विभागात अर्ज टाकायला लागतो, मार्चमध्ये गेलात तर चहा मिळेल फक्त. महिला-बालकल्याणाच्या पाच टक्के निधीतून का नाही हे पण विचारा, शिलाई मशीन आणि प्रशिक्षण वर्ग त्यातून होतात तर रात्रीची पाळी का नाही होऊ शकत.

अर्जात सुप्रीम कोर्ट लिहा. अन्न अधिकाराच्या खटल्यात २०१० पासूनचे आदेश आहेत, नोव्हेंबर २०१६ मध्ये कोर्टाने न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती ती निवाऱ्यांचा पैसा नीट खर्च का होत नाही हेच बघायला. 'मंडळाची इच्छा' आणि 'कोर्टाचा आदेश' यात टेबलावरच्या माणसाची बसण्याची पद्धत बदलते.

आणि त्याआधी माहिती अधिकाराचा एक अर्ज, दहा रुपयांचा. मोठमोठं नका विचारू, तीन वर्षांत किती खर्च केला वगैरे, पाचशे पानं देतील आणि झेरॉक्सचे पैसे मागतील. एवढंच विचारा: आपल्या शहरातल्या प्रत्येक महिला निवाऱ्यात काल रात्री ड्युटीवर बाई होती का, आणि तिचा शेवटचा पगार कुठल्या तारखेला जमा झाला. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. तारखा आल्या की मला पाठवा, आहेत तशा इथे छापते.